घोडे गेले, पागा उरल्या: जुन्या तबेल्यांचे गोठे आणि शेतघरे होताना नेमके काय घडते?

मराठवाड्यातल्या एखाद्या जुन्या गढीत शिरलात की आधी दरवाजा, मग देवडी, ढाळज आणि त्याला लागून एक लांबलचक ओवरी लागते. आज तिथे कडब्याच्या पेंढ्या, पाण्याची मोटार, ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी, नाहीतर दोन म्हशी दिसतील. भिंतीत हाताच्या उंचीवर लोखंडी कड्या मात्र अजून असतात. म्हशीला एवढ्या वर कडी लागत नाही. त्या कड्या घोड्यांसाठी होत्या.

राजवट बदलली, घोडे गेले, इमारत उरली. युरोपात जमीनदारांच्या मोठ्या मालमत्तांवरच्या अशा तबेल्यांची आधी शेतीची कोठारे झाली आणि नंतर भाड्याने देण्याची टुमदार घरे. आपल्याकडेही हे घडलेच, पण फारसा गाजावाजा न होता. आता कृषी पर्यटनाच्या निमित्ताने हा विषय पुन्हा निघाला आहे. वाड्याचा मधला चौक पडला, पण पुढचा तबेला उभा आहे, त्याच्या खोल्या करता येतील का, असा प्रश्न अनेक घरांत चर्चेला येतो. त्याचे उत्तर फक्त 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही.

छत्रपती संभाजीनगरात इतके घोडे होते कुठे?

मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली ती मुळात घोडदळाच्या माणसाने वसवलेली राजधानी होती. त्याची सगळी लढाई हलक्या, वेगवान स्वारांवर चालायची आणि त्यात मराठा बारगीर मोठ्या संख्येने होते. पुढे मुघल आले आणि शहराभोवती पुरे वसले. जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, करणपुरा, पदमपुरा ही नावे आपण रिक्षावाल्याला सहज सांगतो. एकेकाळी ती सरदारांच्या वसाहतींची नावे होती. मुघल मनसबदाराचा दर्जा 'जात' आणि 'स्वार' अशा दोन आकड्यांत मोजला जाई. दुसरा आकडा त्याने किती घोडेस्वार बाळगायचे ते सांगे. म्हणजे सरदाराचा पुरा म्हटला की हवेली, बाग, विहीर आणि पागा हे सगळे ओघाने आलेच.

करणपुऱ्याचे नाव बिकानेरच्या करणसिंहावरून पडले. त्याचा मृत्यू १६६९ मध्ये याच शहरात झाला. पदमपुरा त्याच्या मुलाच्या नावाचा. या जागा पुढे कित्येक पिढ्या बिकानेरच्या मालकीच्या राहिल्या आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रज सरकारशी झालेल्या अदलाबदलीत गेल्या. करणपूर आणि पदमपूर याच नावांची गावे आज राजस्थानात श्रीगंगानगर जिल्ह्यात आहेत. आपल्याकडच्या पुऱ्यांत मात्र घोड्याची आठवण करून देणारे काही शोधावेच लागते.

मोठी मालमत्ता शेतीच्या कामी आल्याचे शहरातले सर्वात ठळक उदाहरण म्हणजे दिल्ली गेटजवळची हिमायतबाग. सतराव्या शतकातली ही बाग, शेजारी औरंगजेबाचा किलेअर्क. आज तिथे परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका आहे. चिंचेचे 'प्रतिष्ठान' हे वाण याच केंद्राचे. बादशाही बागेत आता शेतकरी कलमे घ्यायला येतात. जागेचा वापर बदलला, पण झाडे आणि पाणी हा तिचा जीव तसाच राहिला. म्हणूनच ती टिकली, असे म्हणायला हरकत नाही. किलेअर्काच्या आवारात तर शासकीय कला व विज्ञान महाविद्यालयच उभे राहिले.

पागा आणि तबेला यांत फरक काय?

हे दोन्ही शब्द बाहेरून आलेले आणि इथेच मुरलेले. 'पागा' फारसीतून आला, 'तबेला' अरबी 'इस्तबल'वरून. मराठेशाहीत पागा म्हणजे नुसती इमारत नव्हती. सरकारी घोड्यांची ती तुकडी होती. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार असे आणि तेवढ्या घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी नेमलेला असे. पागेचा हिशेब ठेवणारा पागनीस. ते आडनाव आजही आहे.

पागेत सर्वात मोठी भीती कशाची होती? आगीची. चिपळूणजवळ पावसाळ्यात छावणी असताना महाराजांनी घोडदळाच्या अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात पाठवलेले पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला त्रास देऊ नका ही त्यातली ताकीद सगळ्यांना माहीत असते. त्याच पत्रात वैरण जपून वापरा, कुणी गवताजवळ चूल पेटवेल, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल, गवताला आग लागली की घोडे वाचणार नाहीत, असा अगदी घरच्या माणसासारखा इशाराही आहे. साडेतीनशे वर्षे झाली तरी कडबा, विजेची उघडी तार आणि लाकडी माळवद एकत्र असलेल्या गोठ्याला हा इशारा तसाच्या तसा लागू पडतो.

निजामाच्या राज्यात हाच शब्द सरदारी दर्जाशी जोडला गेला. तिथले 'पायगा' उमराव म्हणजे निजामाच्या खास फौजेचे धनी. घोडदळ सांभाळण्यासाठी त्यांना जहागिरी मिळालेल्या असत. आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा, गुंजोटी भागात त्यांच्या जहागिरी होत्या. घोडा उभा ठेवायचा तर त्याला चंदी हवी, वैरण हवी, मोतद्दार हवा. हे सगळे शेतीच्या उत्पन्नातून येई. तबेला आणि शेत यांचे नाते असे पहिल्यापासूनचेच आहे.

आणि 'तबेला' शब्दाचे काय झाले ते पाहा. मुंबईत आज तबेला म्हटले की कुणाच्याही डोळ्यांसमोर म्हशी येतात. मुंबईची ट्राम १८७४ मध्ये सुरू झाली तेव्हा ती घोडे ओढत आणि भरभराटीच्या काळात कंपनीकडे शेकडो घोडे होते. १९०७ मध्ये विजेची ट्राम आली. घोडे शहरातून हळूहळू गेले, दुधाची गरज वाढली आणि 'तबेला' म्हशींचा झाला. पुढे या म्हशीही शहराबाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत उभी राहिली.

घोडे नेमके कधी गेले?

एका दिवसात नाही. औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथे हैदराबाद कंटिन्जंटच्या छावण्या होत्या. जून १८५७ मध्ये औरंगाबादच्या घोडदळानेच बंड केले. शहरातला काळा चबुतरा त्याची आठवण आहे. १९०३ मध्ये हे कंटिन्जंट भारतीय सैन्यात विलीन झाले आणि मराठवाड्यातल्या काही छावण्यांचे महत्त्व संपले. अंबाजोगाईत छावणीच्या इमारती नंतर सरकारी कार्यालयांच्या आणि स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या उपयोगी पडल्या. पहिल्या महायुद्धानंतर घोडदळाचे दिवस भरत आले आणि दुसऱ्याच्या आधी रणगाडे व मोटारी आल्या.

जहागिरदारांच्या पागांना शेवटचा धक्का कायद्याने दिला. पोलीस कारवाईनंतर, ऑगस्ट १९४९ मध्ये, हैदराबाद राज्यातल्या जहागिरी बरखास्त झाल्या. पाठोपाठ १९५० चा कुळकायदा आला. वसूल थांबला, चंदी थांबली. उरलेले घोडे विकले गेले आणि रिकाम्या ओवरीत बैल बांधले गेले. हा बदल अन्यायकारक म्हणावा असा मुळीच नव्हता. ज्या कुळांच्या घामावर ते घोडे पोसले जात, त्यांच्या नावावर जमीन आली. पण त्यामुळे पागेच्या इमारतीला सांभाळणारा धनी उरला नाही हेही खरे.

पुण्यात याच कथेला वेगळे वळण मिळाले. पेशव्यांच्या खास घोड्यांची पागा जिथे होती, तिथे मुलींची शाळा आली. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर यांच्या पुढाकाराने सुरू झालेली ही शाळा 'हुजूरपागा' याच नावाने ओळखली जाते. त्या शब्दाचा अर्थ घोड्यांचा तबेला हे शाळेत जाणाऱ्या कित्येक मुलींना पाचवी-सहावीपर्यंत माहीतही नसेल.

घोडे पूर्ण संपले असेही नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आजही घोडेबाजार भरतो. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा असलेल्या, भीमेच्या काठच्या भीमथडी घोड्याला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली.

इंग्लंडमध्ये काय केले?

तिथल्या जमीनदारी वाड्यांजवळ चौकोनी अंगणाभोवती तबेले असत. खाली घोडे आणि बग्ग्या, वर मोतद्दारांच्या खोल्या, मधोमध घड्याळाचा मनोरा. ट्रॅक्टर आल्यावर खाली गाई आल्या, धान्य आले. नंतर यंत्रे मोठी झाली, जुन्या दारांतून ती आत जाईनात, तेव्हा इमारती रिकाम्या पडल्या आणि घरे झाल्या. लंडनमध्ये 'म्यूज' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या म्हणजे श्रीमंतांच्या घरांमागच्या तबेल्यांच्या रांगा. आज तिथली घरे शहरातल्या महागड्या घरांत मोजली जातात. २०१४ पासून इंग्लंडने शेतीच्या काही इमारतींचे राहत्या घरात रूपांतर करण्याची परवानगी सोपी केली. मात्र वारसा यादीतल्या इमारतींना ही सवलत नाही. म्हणजे सोय आहे, पण सरसकट नाही. आपल्याकडे नेमका हा भेद धूसर आहे.

आपल्याकडे परवानगी कोणती लागते?

पहिला प्रश्न जमिनीचा. गढी गावठाणात असेल तर सातबारा शोधून उपयोग नाही. तिची नोंद ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये किंवा भूमापन झाले असल्यास मालमत्ता पत्रकावर असते. अलीकडे ड्रोनने झालेल्या स्वामित्व योजनेच्या मोजणीतून अनेक गावांना अशी पत्रके मिळाली आहेत. नावे किती आहेत ते आधी पाहावे. पाच भावांच्या वारसांची वीस नावे असणे ही मराठवाड्यातली नेहमीची गोष्ट. बहुतेक तबेले पावसाने पडत नाहीत, ते या वीस सह्यांच्या वाट बघण्यात पडतात.

इमारत शेतजमिनीवर असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ पाहावी लागते. तिच्या व्याख्येत 'शेत इमारत' म्हणजे अवजारे, खत, वैरण, शेतमाल ठेवण्याची, गुरे बांधण्याची जागा, तसेच शेतकऱ्याच्या कुटुंबाला, गड्याला किंवा कुळाला राहण्याची जागाही येते. म्हणजे पागेचा गोठा केला, कोठार केले किंवा सालगड्याला दोन खोल्या काढून दिल्या तर ते शेतीतच बसते. शहर हद्दीत किंवा तिच्या आसपास मात्र परवानगीचे नियम कडक होतात. आधी तहसील कार्यालयात विचारलेले बरे.

त्याच खोलीत पाहुणा पैसे देऊन राहिला की चित्र बदलते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० चे आहे. नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे करायची असते आणि धोरणाचा गाभा हा की शेती चालू असली पाहिजे. नुसता वाडा आणि जलतरण तलाव म्हणजे कृषी पर्यटन नव्हे.

तिसरी अट आपल्या जिल्ह्यात विशेष महत्त्वाची. दौलताबाद, वेरूळ, खुलताबाद, बिबी का मकबरा अशी केंद्र संरक्षित स्थळे इथे जवळजवळ आहेत. कायद्याने अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येते. जुन्या तबेल्याची दुरुस्तीही या टापूत परवानगीशिवाय करू नये.

गोठा करायचा तर भिंत काय सांगते?

इथे थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक नुकसान इथेच होते.

जिथे शंभर वर्षे जनावर बांधले आहे, तिथल्या भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत मुताबरोबर क्षार मुरलेले असतात. त्यांत नायट्रेटचा अंश मोठा. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा अशाच भिंतींच्या आणि जमिनीच्या मातीतून काढत असत. पावसाळ्यात हे क्षार ओल धरतात, उन्हाळ्यात बाहेर येऊन पांढरे फुलतात. आपण म्हणतो, भिंतीला लोणा लागला. तो लपवायला मालक सिमेंटचा गिलावा मारतो. सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही. क्षार आत साठतात, स्फटिक वाढतात आणि दोन-तीन वर्षांत गिलाव्यासह दगडविटांचा पापुद्राच निघून येतो. तीच भिंत चुन्याच्या गिलाव्याने लिंपली तर ती श्वास घेते. काही वर्षांनी खालचा पट्टा खराब होईल, तो खरवडून पुन्हा लावायचा. चुना हा अशा कामात स्वतः झिजतो आणि दगड वाचवतो.

गाईसाठी बाकीचे बदल तसे सोपे. घोड्याची गव्हाण छातीच्या उंचीवर असते, गाय मान खाली घालून खाते. त्यामुळे गव्हाण खाली आणावी लागते. फरसबंदी खुरांनी गुळगुळीत झालेली असेल तर गाभण गाय घसरते. तिथे रबरी चटया टाकाव्यात किंवा दगडाला टाचे मारून घ्यावेत. जुनी पागा बांधणाऱ्यांनी जमिनीला दिलेला उतार आणि कडेची नाली मात्र बुजवू नये. ती बहुधा आजच्या गवंड्याने काढलेल्या नालीपेक्षा चांगली असते. छताखालची धुरांडी आणि झरोकेही उघडे ठेवावेत. अमोनियाचा उग्र वास तिथूनच जातो.

माणसे झोपणार असतील तर?

मग मुख्य प्रश्न छताचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूर, होळी ही लोहारा तालुक्यातली गावे जमीनदोस्त झाली. माणसांना मारले ते मुख्यतः घरांनी. जाडजूड दगडमातीच्या भिंती, बाहेरून आणि आतून दगडांचे दोन वेगळे थर, मध्ये भर आणि वर दरवर्षी खारी माती टाकून टाकून जड झालेले माळवद. हादरा बसताच दोन थर वेगळे झाले आणि वरचा भार खाली आला.

गढीतल्या पागांची बांधणी बहुतेक हीच असते. तिथे रात्री बैल बांधणे आणि पुण्या-मुंबईहून आलेले चार जणांचे कुटुंब झोपवणे यांत जबाबदारीचा फार मोठा फरक आहे. किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात उभ्या राहिलेल्या घरांसाठी जे उपाय सुचवले गेले तेच इथे लागू पडतात: माळवदावरची जादा माती उतरवून वजन कमी करणे, भिंतीच्या आरपार जाणारे बांधदगड किंवा भोके पाडून त्यांत काँक्रीटचे सांधे भरणे, छताच्या पातळीला चारही भिंती बांधणारा पट्टा. भारतीय मानक १३८२८ आणि १३९३५ यांत कच्च्या दगडी बांधकामाची मजबुती आणि दुरुस्ती यांची पद्धत दिलेली आहे. हे काम गावच्या गवंड्याच्या अंदाजावर सोडू नये. संरचना अभियंत्याला एकदा आणून भिंत दाखवावी, त्याची फी ही या सगळ्या खर्चातली सर्वात स्वस्त बाब आहे.

माळवद उतरवताना सागवानी तुळया, खांब, कोरीव कणी दिसू लागतात आणि त्याच आठवड्यात जुन्या लाकडाचा व्यापारी दारात येतो. अनेक वाडे असेच गेले. आधी एक खांब, मग दरवाजा, मग सगळे. पैसा हातात येतो, पण तुळई काढलेल्या भिंतीला टेकू उरत नाही आणि पुढच्या मृगात ती बसते. पागेचे कोठार करायचे असो वा खोल्या, लाकूड जागेवर ठेवून, किडलेले तेवढेच टोक कापून नवा जोड देणारा सुतार अजून खुलताबाद, पैठण भागात विचारपूस केली तर सापडतो.

शेवटी पैशांचे गणित. दोन-तीन खोल्यांचे पर्यटन शनिवार-रविवारी आणि हिवाळ्यात चालते. वेरूळ-अजिंठ्याच्या वाटेवर असाल तर थोडे अधिक. मे महिन्यात, चाळीस अंशांच्या वर पारा गेला की मराठवाड्यात कुणी हौसेने येत नाही. पाण्याचा टँकर येत असेल तर मुळीच नाही. म्हणून ज्यांनी अर्धी पागा गोठ्याला आणि अर्धी खोल्यांना असे ठरवले आहे, त्यांनी आधी गोठ्याकडची बाजू दुरुस्त करून घ्यावी. दूध वर्षभर निघते. खोल्यांची नोंदणी, अभियंत्याचा अहवाल आणि भावकीच्या सह्या पूर्ण होईपर्यंत तेवढा पावसाळा निघून जातो.